मागच्या खोलीची तार

बायको गेल्यावर घरातला फ्यूज सारखा उडायला लागला. खरं तर ती असतानाही उडायचा. तेव्हा ती स्टुलावर चढून नवी तार बांधायची आणि मी कामावरून येईपर्यंत ते विसरूनही गेलेली असायची. आता तार मला बांधावी लागत होती, म्हणून सारखा उडतो असं वाटायचं.

मुलगी चार दिवस राहायला आली, तेव्हा तिने दाराजवळच्या लाकडी बोर्डाचं झाकण उघडून बघितलं.

"बाबा, हे काय आहे?"

"फ्यूज."

"फ्यूज मला कळतो. हे काळं काय आहे?"

"जुना झालाय."

"जुना नाही झालेला, जळालाय. लाकूडसुद्धा काळं पडलंय." तिने बोट लावून वास घेतला. "मी दिवसभर लोकांचं रक्त तपासते, आणि इथे आले की तुम्ही माझं आटवता."

ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. उंचीला लहान, म्हणून आम्ही तिला टिंगू म्हणायचो. बोलण्यात मात्र कुणाला ऐकत नाही. त्या दिवशी जेवताना तिने सरळ सांगितलं, की या घरात मला एकटं ठेवून तिला तिकडे झोप लागत नाही, आणि मी तिच्याकडे कायमचं राहायला जावं.

मला जायचं नव्हतं. मुलीचं घर चांगलं आहे, जावई चांगला आहे. पण ते घर त्यांनी बायको गेल्यानंतर घेतलं. तिने ते पाहिलेलं नाही. त्या घरातल्या एकाही दाराला तिचा हात लागलेला नाही. इथे मी सकाळी उठून ज्या कडीला हात लावतो, ती तिने बसवलेली आहे. हे मुलीला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी एवढंच म्हणालो, "मला इथे बरं वाटतं."

"इथे आग लागली तरी बरं वाटेल का?"

"बोर्ड बदलतो. नवा डबा बसवतो, खटक्यांचा. जरा काही झालं की खटका आपोआप पडतो. मग तर झालं?"

"वायरमनला बोलवा."

"या घराचं वायरिंग मी आणि तुझ्या आईने केलंय."

"म्हणूनच म्हणते," ती म्हणाली. पण मग माझ्या तोंडाकडे बघून जरा नरमली. पानातलं निवडत तिने ठरवलं, की ती रविवारी निघणार. तोवर घर धड झालं तर ती पुन्हा कधी चला म्हणणार नाही. नाही झालं, तर मी तिच्याबरोबर गाडीत बसायचं, कुरकुर न करता.

मी हो म्हणालो. जावयाला फोनवर हे कळलं तेव्हा तो हसत होता. "बाबा, नवीन डब्याला आधी हिला हात लावू द्या. करंट लागला तर करंटलाच लागेल."

"ऐकू येतंय मला," मुलगी मागून म्हणाली.

मी तेव्हा त्यांच्याबरोबर हसलो होतो.

आमची वायरिंगची पद्धत अशी होती. भिंतीतून पाइप गेलेला असतो. एका टोकाला बोर्ड, दुसऱ्या टोकाला खोलीतला प्लग. मी बोर्डाच्या टोकाला उभा राहून तारा पाइपात सारायचो, ती खोलीच्या टोकाला बसून ओढून घ्यायची. अडकलं की ओरडायची, "अहो, ढकला, झोपलात का?" मग तारा बाहेर आल्या की त्या टोकाचं सगळं तिचं. भाजीच्या सुरीने तारा सोलायच्या, प्लगमध्ये घालायच्या, स्क्रू आवळायचे. मी बस डेपोत फिटर होतो, गाड्यांच्या तारांशी रोजचा संबंध. तिचा काही संबंध नव्हता. पण तिचा एकही प्लग कधी सैल झाला नाही, माझे झाले. म्हणून मी तिच्या टोकाला कधी बघायला गेलो नाही. बघायला गेलो असतो तर तिने सुरी दाखवली असती.

अशा आम्ही एकेक करून सगळ्या खोल्या केल्या. मागची खोली सर्वांत शेवटी केली. ती नंतर बांधलेली, कपडे धुण्यासाठी.

शनिवारी सकाळी मी दुकानातून डबा आणला. सहा खटक्यांचा लहानसा पत्र्याचा डबा, आत मागे दोन पितळी पट्ट्या. दुकानदाराने आणखी एक जाड खटका दाखवला. करंट कुठे गळला, कुणाच्या अंगातून गेला, तर तो तिथल्या तिथे बंद करतो म्हणाला. मी म्हटलं, डब्यात त्याला जागा नाही.

"मोठा डबा घ्या मग."

"घरात मी एकटाच असतो."

"एकट्याला शॉक लागत नाही का काका?" तो म्हणाला. गिऱ्हाइकाला म्हणायचं म्हणून म्हणाला. मी लहान डबाच घेतला.

वीज बंद करायची म्हणून मुलगी सकाळीच बाजारात गेली. जाताना माझ्या पायांकडे बघून गेली. मी रबरी चपला घातल्या होत्या, ते तिला दाखवलं. मग मेन खाली केला, टेस्टर लावून बघितलं, आणि जुना बोर्ड सोडवायला घेतला.

बोर्ड निघाला तेव्हा मागे भिंतीत मोठा काळा डाग होता. अख्खा तळहात बसेल एवढा. इतकी वर्षं आम्ही त्याच्यासमोरून ये-जा करत होतो. मी तो ओल्या फडक्याने पुसला. तो गेला नाही. त्यावरच नवा डबा ठोकला, म्हणजे मुलीला दिसायला नको.

तारांचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक खोलीला तीन तारा जातात. लाल तार वीज घेऊन जाते, काळी परत आणते. तिसरी हिरवी, ती अर्थिंगची. तिच्यातून एरवी काही जात नाही. ती यंत्राच्या अंगाला, पत्र्याला जोडलेली असते, आणि दुसरीकडून जमिनीला. आत काही बिघडून पत्र्यात वीज उतरली, तर ती या हिरव्या तारेने जमिनीत जावी, माणसाच्या अंगातून जाऊ नये, म्हणून. लाल तार खटक्याला लावायची, काळी एका पट्टीला, हिरवी दुसऱ्या पट्टीला. बस, एवढंच काम.

पुढची खोली झाली. स्वयंपाकघर झालं. तारा ताठ झाल्या होत्या, वळवताना वरचं रबर तडकत होतं, तिथे टेप गुंडाळली. हात पूर्वीसारखे चालत नव्हते, पण चालत होते. मध्येच मी सवयीने म्हणालो, "अगं, पक्कड दे." मग स्टुलावरून उतरलो आणि पक्कड घेतली.

मागच्या खोलीच्या तारा शेवटी आल्या. तारांना लटकलेल्या जुन्या बोर्डावर तिथे गंमत होती. फ्यूजला हिरवी तार लावलेली होती, आणि लाल तार अर्थिंगला. बरोबर उलटं. मी बराच वेळ त्याकडे बघत उभा राहिलो. एवढी वर्षं हे असं होतं, आणि कपड्यांचं मशीन त्यावर चालत होतं, म्हणजे नशीबच म्हणायचं. त्या वेळी दिवसभराच्या कामाने मी थकलो असेन, हातून झालं असेल, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. मुलीला सांगता आलं असतं की बघ, जुनी चूक होती, मी शोधली आणि दुरुस्त केली. मी हिरवी तार अर्थिंगच्या पट्टीला लावली आणि लाल खटक्याला. लाल तार जरा बारीक होती. तेही मला दिसलं, पण मी फक्त रंग बघितला.

झाकण लावलं. मेन वर केला. एकेक खटका वर करत गेलो. पुढच्या खोलीतला पंखा फिरला. फ्रिज सुरू झाला. मागच्या खोलीतला दिवा लागला. दिव्याची तार वेगळी होती, स्वयंपाकघरातून गेलेली, पण दिवा लागला म्हणून मी खोली झाली असं धरलं. एकही खटका पडला नाही. सगळे रांगेत सरळ उभे होते.

मुलगी आली तेव्हा मी खुर्चीत बसलो होतो. तिने झाकण उघडलं, खटके बघितले, वास घेतला.

"चांगलं दिसतंय," ती म्हणाली. तिला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं. "पडतात का पण वेळेला?"

"पडायला काही झालं तर पाहिजे."

"काही झालंच नाही तर कळणार कसं?"

तिने पिशव्या आत नेल्या आणि तिथून ओरडली, की निघायच्या आधी ती चादरी धुऊन टाकणार आहे, माझ्या बिछान्यावरची कुणी जाणे कधीपासून धुतलेली नाही. ती बाथरूममध्ये चादरी भिजवायला गेली. मी म्हटलं, तोवर मशीन लावून ठेवू.

मागच्या खोलीची फरशी नेहमी ओली असते. नळाचा पाइप गळतो, प्लास्टिकचा आहे, कितीही बांधला तरी गळतो. मशीन कोपऱ्यात रबरी पायांवर उभं आहे. मी प्लगचं बटण खाली केलं, मशीनचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. दिवा नाही, आवाज नाही. दोनदा दाबलं. मग झाकणावर हात ठेवून वाकलो, मागची पिन नीट बसली आहे का ते बघायला.

हाताला मुंग्या आल्या. बोटांच्या हाडांतून, कोपरापर्यंत. मी हात उचलला. बायको गेल्यापासून माझे हात असे बधिर होतात, डॉक्टरांना दाखवलं होतं, ते म्हणाले झोप घ्या. मी हात झटकला. मला वाटलं स्टुलावर चढउतार केल्याचा परिणाम.

पिन नीट बसली होती. मी परत झाकणाला हात लावणार, एवढ्यात मुलगी आली. दोन्ही हातांत ओल्या चादरींचा गठ्ठा, सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, पायांत चपला नाहीत. चादरीतून पाणी तिच्या पायावर गळत होतं.

"सरका बाबा."

मी सरकलो. खोली लहान आहे, एका वेळी एकच माणूस नीट उभा राहतो. मी भिंतीला लागून तिला जागा दिली. ती माझ्यासमोरून गेली, गठ्ठा एका हातावर घेतला, आणि दुसरा हात झाकण उघडायला पुढे केला.

तेव्हा मला माझ्या चपला दिसल्या. मी चपला घातल्या होत्या. रबरी. आणि तरी मुंग्या आल्या होत्या.

"टिंगे, थांब."

"काय?" ती हसत होती. हात तसाच पुढे होता.

मी चादरींचा गठ्ठा धरून मागे ओढला. ती गठ्ठ्याबरोबर माझ्यावर आदळली, चादरी फरशीवर पडल्या, आणि माझं डोकं भिंतीला लागलं.

"बाबा, काय करताय? वेड लागलंय का?"

"बाहेर हो."

"अहो, पण—"

"दाराच्या बाहेर उभी राहा. कोरड्यात."

माझा आवाज तिने असा ऐकला नव्हता. ती उंबऱ्याबाहेर गेली. मी खिशातून टेस्टर काढला आणि त्याचं टोक मशीनच्या झाकणाला लावलं. टेस्टरचा दिवा लागला. बाजूच्या पत्र्याला लावलं. लागला. खालच्या स्क्रूला, जिथे पाणी साचलं होतं तिथे लावलं. लख्ख लागला.

मुलगी हे सगळं दारातून बघत होती. टेस्टर कशासाठी असतो ते तिला लहानपणापासून माहीत आहे.

"सगळं मशीन?" तिने विचारलं.

"हो."

"आणि मी आता हात लावला असता."

"हो."

"ओल्या हाताने."

मी पुढच्या खोलीत गेलो आणि मागच्या खोलीचा खटका खाली केला. तो पडला नव्हता. बाकीच्यांबरोबर रांगेत सरळ उभाच होता. माझ्या मागे मुलगी आली, आणि खुर्चीत बसली. पाय वर घेऊन बसली, लहानपणी झुरळ दिसलं की बसायची तशी. मी पाणी आणून दिलं. तिने ते घेतलं नाही.

"आधी चालत होतं ना मशीन?" ती म्हणाली. "मग आजच काय झालं?"

ते विचारल्यावर मला आठवलं. सगळं एकदम आठवलं. मागच्या खोलीच्या वेळी जाड लाल तार संपली होती. उरली होती ती बारीक, दिव्याची. आणि हिरवी मात्र जाड होती, चांगली मोठी गुंडाळी. दुकान बंद झालं होतं. मी म्हणालो उद्या करू. बायको त्या टोकाला फतकल मारून बसली होती, ती म्हणाली, "मशीनला जाड तार लागते ना? मग जाड कामाला लावा, बारीक अर्थिंगला. भिंतीच्या आत रंग कोण बघायला येतंय?" आणि तिने तसं लावलं. मीही इकडे तसंच लावलं. बोर्डावर होतं ते चुकून झालं नव्हतं. दोन्ही टोकं एकमेकांना धरून होती. आज मी माझं टोक बदललं, आणि तिचं टोक जिथे होतं तिथेच राहिलं. वीज सरळ मशीनच्या पत्र्यात गेली.

मुलीला मी हे जमेल तसं सांगितलं.

"म्हणजे आईचं बरोबर होतं."

"हो."

"आणि तुम्ही ते सुधारलंत."

मी डब्याकडे गेलो. "दोन स्क्रूंचं काम आहे. हिरवी इकडे, लाल तिकडे. मेन बंद करतो, पाच मिनिटांत—"

"नको."

"अगं, आता कळलंय मला."

"बाबा, हात लावू नका." तिने उठून माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. ओढला नाही. मीच सोडला. मग ती दुसऱ्या खोलीत जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलली.

दुपारी वायरमन आला. तरुण माणूस, घाईत, चपला दाराबाहेर काढताना फोनवर बोलत होता. मुलीने त्याला मागच्या खोलीचं सांगितलं. त्याने डबा उघडला, टॉर्च मारला, आणि तोंडाने च्च केलं.

"हा डबा कुणी बसवला?"

"मी."

"बसवलाय छान, काका. सरळ आहे." त्याने दोन बोटांनी बारीक लाल तार धरली. "पण ही इथे कशी?"

मी त्याला सांगितलं. तो मान हलवत राहिला. मग मागे जाऊन प्लग उघडून आला.

"पलीकडे पक्कं काम आहे," तो म्हणाला. "आवळलेलं आहे चांगलं. जुनं वायरिंग कुणी केलं होतं?"

"आम्ही दोघांनी. मी या टोकाला, बायको त्या टोकाला."

"सगळ्या खोल्या तशाच?"

"सगळ्या."

"मग एक करा. काकूंना बोलवा जरा. अजून कुठे रंग बदललेत का ते विचारून घेतो. म्हणजे सगळं घर उघडायला नको."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. उत्तर माझ्यावर सोडलं तिने.

"ती नाही," मी म्हणालो.

"कधी येतील? मी संध्याकाळी पुन्हा चक्कर मारतो."

"आई वारली, दादा," मुलगी म्हणाली.

वायरमन टॉर्च चालू ठेवून तसाच उभा राहिला. उजेड भिंतीवर पडला होता. डब्याच्या कडेने तो काळा डाग थोडा बाहेर आलेला होता, मला वाटलं होतं तेवढा झाकला गेला नव्हता. मुलीलाही तो आता दिसला.

"तुम्हाला आठवत असेल ना, काका?" वायरमन म्हणाला. "थोडं आठवून बघा. स्वयंपाकघरात ओला हात जातो, फ्रिज आहे, आणि काळी-हिरवी उलटी असली तरी तो चालतो. तिथे तरी?"

मी आठवून बघितलं. स्वयंपाकघराच्या दिवशी ती माझ्यावर चिडली होती ते आठवलं. मी पुढच्या खोलीचं भोक वाकडं पाडलं त्यावर तिने चार दिवस चेष्टा केली, ते आठवलं. तिच्या बोटाला सुरी लागली ते आठवलं. तारा कुठल्या होत्या ते आठवलं नाही. आज सकाळी बाकीच्या खोल्यांच्या तारा मी रंग बघून लावल्या होत्या. बोर्डावर त्या आधी कशा होत्या ते नीट बघितलंही नव्हतं, आणि जुना बोर्ड तर आता मोकळा पडला होता.

खोटं बोलता आलं असतं. बाकी सगळीकडे लाल ती लालच, असं म्हटलं असतं तर त्याने दोन स्क्रू फिरवले असते आणि तो गेला असता. मुलगी रविवारी एकटी गेली असती. पुढच्या सुट्टीत ती आपल्या मुलांना घेऊन येणार होती. मुलं घरभर अनवाणी पळतात.

"नाही," मी म्हणालो. "मला माहीत नाही."

वायरमनने मुलीकडे बघितलं. "मग सगळी टोकं उघडावी लागतील. आणि या तारा तडकल्यात, मी असतो तर नव्याच ओढल्या असत्या. आठवडा जाईल. तोवर या घरात कशालाच हात लावू नका."

"बंद करा," मुलगी म्हणाली.

त्याने मेन खाली केला. पंखा हळू होत थांबला. फ्रिज एकदा थरथरला आणि गप्प झाला. एवढा वेळ तो चालू होता, आणि दुपारी जेवायच्या आधी मी त्याच दाराला हात लावून पाणी काढलं होतं, हे मला तेव्हा जाणवलं.

मुलीने ठरल्याची आठवणही करून दिली नाही. आत जाऊन तिने कपाट उघडलं. मी डब्याजवळच उभा होतो. माझे शर्ट ती एकेक करून बॅगेत ठेवत होती, आणि मधूनच विचारत होती, हा घेऊ का, हा नको ना. मी इथूनच हो, नको म्हणत होतो.

शेवटी तिने विचारलं, "आईचं काय घ्यायचं?"

मी घरभर बघितलं. मग म्हणालो की काही नको, सगळं भिंतीत आहे, वायरमन काढेल तेव्हा बघू.